मांडूळ

गणराज शिरसाटच्या मोशीतल्या दुकानात बिघडलेले जनरेटर दुरुस्त होत आणि चांगली माणसं मरतील अशी एक वस्तू पंधरा मिनिटांत तयार होई. लांबशी वायर घ्यायची आणि तिच्या दोन्ही टोकांना पिन बसवायची. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी घरातल्या कुठल्याही सॉकेटात. जनरेटरची दोरी ओढली की घरभर पंखे फिरतात. भिंत फोडायला नको, की घर खांबावरून तोडून जनरेटरवर घेणारा चेंजओव्हर स्विच बसवायला नको.

या वायरीला ‘मांडूळ’ हे नाव धम्मपालने दिलं होतं. आयटीआयला दोघं एका बाकावर होते. पुढे गणराजने दुकान टाकलं आणि धम्मपाल वीज कंपनीच्या एका ठेकेदाराकडे वायरमन झाला.

“मांडुळाला दोन तोंडं असतात म्हणतात,” धम्मपाल म्हणाला होता, “पण ते बिचारं चावत तरी नाही. भावा, घरातला मेन स्विच चालू राहिला ना, तर तुझ्या जनरेटरचा करंट उलटा खांबावर येतो. आणि खांबावर कोण असतं? आमदार?”

गणराज पोटभर हसला. मांडूळ विकणं त्याने थांबवलं नाही, फक्त प्रत्येक मांडुळाबरोबर एक वाक्य फुकट द्यायला सुरुवात केली: “आधी मेन बंद, मगच पिन.” गिऱ्हाईक मान डोलवी. फुकटच्या गोष्टीला आपल्याकडे मान डोलवायची पद्धतच आहे.

कुरुळीच्या बबनरावांनीही डोलवली होती. त्यांच्या चोवीस खोल्यांत कंपन्यांतले कामगार राहत. गुरुवारी या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी लाइटही गुरुवारीच जाणार. म्हणजे चोवीस खोल्यांतली माणसं नेमकी पंखा नसेल त्या दिवशी घरी. म्हणून जनरेटर. गणराजने भरीला पाडून चेंजओव्हर स्विचही आणायला लावला होता. तो मुहूर्ताची वाट पाहत कपाटावर खोक्यात पडून होता. जनरेटरची देखभाल मात्र बबनराव न चुकता करत. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावत आणि मेनच्या दांड्यालाही झेंडूचा हार घालत.

त्या गुरुवारी अकराच्या सुमाराला बबनरावांचा फोन आला.

“गणराज, ही तुझी म्हस उठंना. धा येळा दोरी वढली.”

“पेट्रोलचा कॉक उघडा. चोक ओढा. मांडूळ लावलंय का?”

“कवाच लावलंय.”

“मेन बंद आहे ना?”

“बंदच हाय की! सकाळपासनं बंद हाय.”

“मग ओढा दोरी.”

फोनवर आधी खोकला आला, मग धडधड. बबनराव खूश होऊन ओरडले, “उठली, उठली! आरं, तुजा दोस्त बी हितंच हाय, धम्मपाल. आमच्या दारातल्या खांबावर चढलाय. म्हनतो, लाइट यायला तीन वाजतील. आमाला काय त्याचं आता!”

फोन बंद झाला. गणराजने समोरच्या जनरेटरचा प्लग पुसायला घेतला आणि अर्धा पुसून हात थांबवला.

सकाळपासनं.

बबनराव सकाळी उठून मेन कशाला पाडतील? सकाळी लाइट गेली होती. लाइट बंद म्हणजे मेन बंद, असा सगळ्या गावाचा हिशोब. त्याने मेन विचारला होता आणि बबनरावांनी लाइट सांगितली होती. शब्द मात्र दोघांचा एकच होता: ‘बंद’.

त्याने फोन लावला. वाजला, उचलला नाही. जनरेटरच्या धडधडीत कोण ऐकणार? धम्मपालला लावला. खांबावर चढताना धम्मपाल फोन गाडीच्या डिकीत ठेवी. तो डिकीत वाजत राहिला असणार.

गणराज पुसायच्या फडक्यासकट गाडीवर बसला. गुरुवार असल्यामुळे नाशिक रस्त्यावर कंपन्यांच्या बस नव्हत्या. नेहमी पाऊण तास खाणारा रस्ता त्या दिवशी सतरा मिनिटांत संपला. एवढा मोकळा रस्ता त्याला पुन्हा कधी मिळाला नाही.

चाळीपुढे चार-पाच जण वर पाहत उभे होते. धम्मपाल कमरेच्या पट्ट्यात मागे रेलला होता. मान छातीवर.

“लय येळ झाला, हलंना,” एक जण म्हणाला. “आमाला वाटलं, दमला आसंल.”

“हात लावू नका कोणी!” गणराज ओरडला आणि आत धावला. त्याने जनरेटर बंद केला. खोल्याखोल्यांतून आवाज उठला, “ओ बबनराव, लाइट का घालवली?”

धम्मपालला खाली घेईपर्यंत अंग गार पडायला लागलं होतं.

बबनराव पांढरेफटक पडले होते. गणराजजवळ येऊन ते पुटपुटले, “ते मांडूळ पोत्यात घाल, बाबा. तुजं बी नाव त्यात हाय.”

होतंच. गणराजने जनरेटरमधली पिन उपसली, भिंतीतली उपसली. सवयीने कोपर आणि अंगठ्यावर वायरीचा वेढा घातला. हा वेढा त्याला धम्मपालने शिकवला होता. पोतं दोन पावलांवर होतं.

चौकीतून आलेले हवालदार वही उघडून विचारत होते, “मेन बंद होता का?”

“बंद होता,” बबनराव म्हणाले.

“सकाळपासून बंद होता, साहेब,” चाळ एका सुरात म्हणाली. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

“मग वायरमनच चुकला,” हवालदार म्हणाले आणि तशी ओळ वहीत लिहिली.

“नाही,” गणराज म्हणाला. त्याने वेढा त्यांच्या वहीवर ठेवला. “ही वायर मी बनवलीय. लाइट बंद होती. मेन चालू होता.”

“एकच ना ते?”

गणराज त्यांना मीटरच्या पेटीशी घेऊन गेला. मेनचा दांडा वर होता, म्हणजे चालू. त्यावर दसऱ्याचा हार होता, वाळून काळा पडलेला. हारापासून पेटीच्या झाकणापर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. जाळ्याचा एकही धागा तुटलेला नव्हता.

हवालदारांनी बराच वेळ ते पाहिलं. मग वहीतली ओळ खोडली आणि गणराजला विचारलं, “नाव सांगा. पूर्ण.”