बोटं मला लागली होती

मी होम प्लेट बोलतेय. बेसबॉलमध्ये माझ्यापाशी उभं राहून चेंडू मारायचा, मैदानातल्या सगळ्या बेसना, म्हणजे ठाण्यांना, फेरी घालायची आणि परत येऊन मला अंग टेकवायचं, की झाली धाव. पाय, हात, कोपर, काहीही चालतं. फक्त बॅट चालत नाही.

जन्म तबेल्यातला. आयर्लंडमधल्या लिक्सलिपजवळच्या एका छोट्या कॉलेजात शिकणाऱ्या सुभाषने घोड्याखालची जुनी रबरी चटई मागून आणली आणि ब्रेडच्या सुरीने मला पाचकोनी कापलं. एक कड वाकडी गेली. कोणाला पर्वा होती? चार छोटी कॉलेजं, काठी-चेंडूचं हर्लिंग खेळणारी आयरिश पोरं, क्रिकेटवर वाढलेली पुण्या-नागपूरची पोरं, आणि नियम माहीत असलेला एकुलता एक अमेरिकन. पहिली फायनल पावसाने धुतली, दुसरी वाऱ्याने उधळली. दोन्ही वेळा चषक वाटून घेतला. मजा यायची.

मग सुभाषला नोकरी लागली, घर झालं, पोट सुटलं. त्याचे सुभाषकाका झाले आणि स्पर्धेची समिती झाली. समिती आली की भाषणं आलीच. एका वर्षी उद्घाटनाला काका माझ्यावर नारळ फोडायला बसले. अहो, रबर मी! नारळ उसळला तो थेट त्यांच्याच नडगीवर. पोरं हसली, तर काकांनी त्यांना संस्कारांवर ऐकवलं. खेळणाऱ्यांपेक्षा शाली घेणारे जास्त झाले. आणि पंचही काकाच, कारण संस्थापक तेच.

गेल्या मे महिन्यातली फायनल. आमच्या कॉलेजाने बजावलं होतं, यंदा चषक आणा, नाहीतर या मैदानावर फुटबॉलचं कृत्रिम गवत. सामना बरोबरीत. बरोबरी राहिली तर चषक गतविजेत्यांकडेच, म्हणजे समोरच्या पोर्टलीशच्या टीमकडे, हा समितीचा नियम. शेवटची बॅटिंग आमच्या सानिकाची. तिने चेंडू असा कुटला की तो लांब कुंपणाशी जाऊन अडकला.

"अगं बॅट टाक!" तिच्या टीममधला गौरव ओरडला. "क्रिकेट नाहीये हे!"

पण धावताना बॅट सोडायची नाही, हे लहानपणापासून हातात बसलेलं. बॅट घेऊनच ती सगळी फेरी पळाली आणि माझ्यावर झेपावली. उजव्या हातातली बॅट पुढे, आणि डावा हात मोकळा. त्या हाताची बोटं माझ्यावर आली. गार, चिखलाने माखलेली. माझ्यामागच्या कॅचरचा चेंडू धरलेला ग्लव्ह तिला आधी लागला असता तर ती आऊट; तो लागला नंतर.

काका तेव्हा समितीच्या फोटोसाठी तोंड वळवून उभे होते. गलका ऐकून वळले. त्यांना दिसली ती बॅट.

"आऊट! बॅट टेकवून चालत नाही, बाळ."

"काका, बोटं लागली माझी!"

"मोठ्यांशी वाद नको."

"मग मोठ्यांनी बघायला नको?"

पोर्टलीशचा कॅचर डेक्लन स्वतः म्हणाला, ती आधी पोचली होती. मग काकांकडे मान उडवून आपल्या पोरांना म्हणाला, "युअर मॅन तर कॅमेऱ्याकडे बघत होता." इकडच्या बोलीत युअर मॅन म्हणजे 'हा बाबा'. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "ग्रँड, ग्रँड," आणि खिलाडूवृत्तीवर भाषण ठोकलं.

चषक गेला. जूनमध्ये मैदान उखडलं. काकांनी मला ब्लँचर्डस्टाउनच्या घरी आणून हॉलच्या भिंतीवर टांगलं, वर दिवा लावून. पाहुणे आले की ते स्पर्धेचा इतिहास सांगतात. त्यात त्यांचा कडक न्याय असतो. सानिका नसते, 'एक आगाऊ मुलगी' असते.

परवा वृंदामावशी तिला घेऊन आली. सानिका मावशीकडेच राहते.

"सॉरी म्हण काकांना," मावशी कुजबुजली. "उद्या नोकरीसाठी यांनाच शब्द टाकायला सांगायचंय."

काका सोफ्यावर रेलून वाट बघत होते. सानिका उठली, भिंतीपाशी आली आणि सगळा पंजा माझ्यावर ठेवून उभी राहिली.

"आता बघताय ना, काका?"

काकांनी भज्यांची बशी उचलली. "वृंदाताई, घ्या ना, गार होतायत."

सानिका एकटीच निघून गेली. मावशी भजी खात बसली.

मला भिंतीवरून काढा, असं म्हणत नाही. मैदानच राहिलं नाही, नेऊन ठेवाल कुठे? पण या घरी आलात आणि काका इतिहास सांगायला लागले, तर माना डोलवू नका. विचारा त्यांना, तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात? आणि उत्तर मिळेपर्यंत बशीला हात लावू नका.