माझ्या पोटातले साहेब

मित्रांनो, मी एक जुनी फोटोफ्रेम आहे. एका सुताराने उरलेल्या फळीतून मला घडवलं आणि तेव्हापासून पाणीखात्याच्या कचेरीत, मोठ्या मॅडमच्या खुर्चीमागे मी टांगलेली आहे. देशाचा कारभार ज्याच्या हाती, त्याचा फोटो माझ्यात. नळाची तक्रार घेऊन आलेली माणसं आधी माझ्याकडे आशेने बघतात, मग घड्याळाकडे.

सरकार बदललं की माझ्यातला फोटो बदलायचं काम शिपाईकाकांचं. भिंतीला ओल असल्यामुळे माझा पुठ्ठा केव्हाच कुजला होता. मागे भर नसली की फोटो पोक काढून बसतो. म्हणून काका जुना फोटो काढून टाकत नसत. त्याच्यावरच नवा ठेवून खिळे ठोकत. मॅडमना हे ठाऊक होतं. "काका, साहेब कसे ताठ बसलेत!" असं कौतुक त्यांनीच केलं होतं. त्या दिवशी काकांची स्वारी भलतीच खुशीत होती. मलाही बरं वाटलं. पोटात इतके साहेब, पण त्यांचं आपसात कधी भांडण झालं नाही.

काका कचेरीच्या आवारातल्या खोलीत राहत. काकू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. खिडकीतून त्यांची हाक आली की काका धावत. ही खोली गेली तर हिचं काय, या एकाच धास्तीने ते सगळ्यांपुढे नमतं घेत.

मग निवडणूक झाली आणि सरकार पडलं. काकांनी लगबगीने नव्या साहेबांचा फोटो बसवला. पण दुसऱ्याच दिवशी जिंकलेल्या पक्षाची माणसं घोषणा देत आत शिरली. त्यांना स्वतः आणलेला चकचकीत फोटो स्वतःच्याच हाताने लावायचा होता. त्यांनी मला खाली उतरवून उघडलं आणि पोटातले सगळे साहेब टेबलावर पडले.

"आमच्या साहेबांच्या मागे हा हरलेला लपवलाय?" त्यांचा पुढारी ओरडला. "परत येईल म्हणून जपून ठेवलाय ना?"

"अहो, नाही हो! पुठ्ठा कुजलाय, मागे भर लागते," काका म्हणाले. मग मॅडमकडे वळले. "मॅडम, तुम्हाला माहितीये. सांगा ना यांना."

मॅडम कागद चाळत राहिल्या. "मला यातलं काही माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

जुने फोटो बुटांखाली गेले. त्यांत जिंकलेल्या पक्षाचेही एक जुने साहेब होते. त्यांना कुणी ओळखलं नाही.

काकांची नोकरी गेली, खोलीही गेली. काकूंना खाटेसकट बाहेर काढताना सगळी कचेरी खिडकीशी उभी होती. खाटेचं दुसरं टोक धरायला एकही जण खाली उतरला नाही. काका एकटेच ती ओढत फाटकापर्यंत गेले. फरशीवर घासत जाणाऱ्या खाटेच्या पायांचा आवाज माझ्या कानांतून जात नाही. पुढच्या थंडीत काकू गेल्याचं कळलं, तेव्हाही मॅडम कागदच चाळत होत्या.

आता माझ्यातला चकचकीत फोटो पोक काढून बसला आहे. तो सरळ कसा करायचा, हे इथे कुणालाच जमत नाही.

मित्रांनो, सरकारं येतील आणि जातील. माझी काच पुसली नाहीत तरी माझी तक्रार नाही. पण कुणी तुमच्याकडे बघून "सांगा ना" म्हणालं, तर तेव्हा कागद चाळत बसू नका.