परीक्षेच्या खिडकीबाहेरची झोळी

मित्रांनो, जुन्या लुगड्याची दोन टोकं वर बांधली आणि मध्ये लेकरू निजवलं, की ते लुगडं राहत नाही. त्याची झोळी होते. मी तशीच एक झोळी आहे. आता माझा हिरवा रंग कुठे होता हेही ओळखू येत नाही, इतकी मी विरले आहे. पण माझं आयुष्य तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण त्यातला एक दिवस मला अजून चटके देतो.

माझं गाव प्रकाशा, तापीच्या काठचं. छबूबाईंनी मला कितीतरी हंगाम नेसून कापूस वेचला. मी गुडघ्यांवर फाटले, तेव्हा त्यांच्या सुनेनं, धनुबाईनं, मला चौपदरी केलं आणि घराच्या आढ्याला टांगलं. माझ्यात पहिला निजला तो तिचा मुलगा, दगडू. त्याचं वजन मला अजून आठवतं. पिकल्या पपईएवढं.

दगडू राहिला नाही. त्या वर्षी घरची सगळी मजुरीला गुजरातेत निघाली होती. दगडूला ताप होता. तो झोपला होता, आणि छबूबाईंनी त्याला तसाच उचलून गाडीत ठेवलं. वाटेतच तो गेला.

आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, झोपेत माणसाचा जीव अंगातून निघून फिरायला जातो. झोपलेल्याला हलवू नये, त्याची जागा बदलू नये. जीव परत येतो तो जिथून गेला तिथेच. जागा सापडली नाही तर तो वाट चुकतो. छबूबाईंनी दगडूचं मरण असंच आपल्या हातांना लावून घेतलं. त्यानंतर त्यांनी झोपलेल्या मांजरालासुद्धा कधी हाकललं नाही.

मग चिंधी जन्मली. या लेकराला कुणाची नजर लागू नये म्हणून मुद्दाम तिचं असं टाकाऊ नाव ठेवलं. मी पुन्हा आढ्याला चढले.

त्याच सुमारास धनुबाईच्या नवऱ्याचा, भटूचा, उजवा हात कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या यंत्रात, गेला. मालकानं दुसरा माणूस ठेवला. आता पुन्हा गुजरात, पुन्हा परक्या शेताचा बांध आणि बांधावर उघडं लेकरू. मला झोका देताना धनुबाईचा हात मध्येच थांबायचा.

एके दिवशी भटूचा लहानपणचा सोबती चुडामण मास्तर आला. गावात मुलींची शाळा निघणार होती आणि तिथे सातवीची, म्हणजे फायनलची, परीक्षा पास झालेली बाई हवी होती. धनुबाई माहेरी सहावीपर्यंत शिकलेली. "वहिनी, एवढी परीक्षा द्या," मास्तर म्हणाला. "मग तुमच्या लेकरानं गाव सोडायचं कारण नाही."

त्या दिवसापासून धनुबाई माझ्या शेजारी बसून वाचू लागली. वेळ कुठला? दळण झालं, भाकरी झाल्या, भटूला जेवू घातलं, की दुपारचा जेमतेम एक तुकडा उरायचा. माझी दोरी ती पायाच्या अंगठ्याला बांधायची. पाय मला झोका द्यायचा आणि हात पुस्तकाची पानं उलटायचे. तिला मोठ्यानं वाचायची सवय होती, म्हणून चिंधीबरोबर मीही शिकले.

हिशेब तिला येत. अडायचं ते उताऱ्यापाशी. एक उतारा वाचायचा आणि त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. मास्तरानं सरावाला एक उतारा दिला, झोप आणि मेंदू यांच्यावरचा. प्रश्न होता, 'झोपेत मेंदू काय करतो?' धनुबाईनं लिहिलं, 'झोपेत जीव फिरायला जातो, मेंदू त्याची वाट पाहत बसतो.'

मास्तरानं पाटी दोनदा वाचली. "वहिनी, हे कुणी सांगितलं?"

धनुबाईनं पदर सारखा केला. चुलीपासून छबूबाई म्हणाल्या, "मी सांगं. खोटं शे का?"

"खोटं म्हणत नाही, काकू. पण उताऱ्यात ते नाही."

"मंग तो उतारा लिखनारा कधी जपस का नही? का जागाच ऱ्हास?"

मास्तरालाही हसू आवरेना. (आमच्या बोलीत जपणं म्हणजे झोपणं.) मग त्यानं धनुबाईला समजावलं. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. उत्तर लिहिण्याआधी उताऱ्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवायचं. "बोट ठेवायला ओळ सापडली नाही, तर ते उत्तर तुमचं. उताऱ्याचं नव्हे."

मित्रांनो, ऐकायला हे सोपं वाटतं. पण जे लहानपणापासून खरं मानलं ते बाजूला ठेवून समोरच्या चार ओळी काय म्हणतात तेवढंच पाहणं फार अवघड असतं. धनुबाई कितीदा चुकली! पाटी पुसून पुसून तिचा पदर काळा झाला. एकदा ती माझ्या काठाला डोकं टेकून रडली. "नही जमनार मले," ती पुटपुटली. चिंधीनं आतून तिचे केस ओढले, तेव्हा कुठे ती पुन्हा पाटीकडे वळली.

परीक्षा चैत्रात, नंदुरबारला होती. नावेतून तापी ओलांडली, पुढे बैलगाडी. चिंधी अंगावर पिणारी, तिला मागे ठेवता येईना. म्हणून छबूबाई आल्या आणि मीही आले. शाळेच्या आवारात, धनुबाईच्या खिडकीला लागून, एक निंब होता. छबूबाईंनी मला त्याच्या फांदीला बांधलं आणि माझी दोरी गजांतून आत सोडली. "घे, बांध पायले. तुन्हा पाय हालना नही ते तुले वाचता येत नही, माले माहीत शे."

हिशेबाचा पेपर झाला, मराठीचा सुरू झाला. पर्यवेक्षक शांतीलाल मास्तर फिरत फिरत खिडकीशी आले आणि त्यांना दोरी दिसली. त्यांचा चेहरा लाल झाला. "हे काय? बाहेरून उत्तरं येतात की काय?"

छबूबाई गजांना नाक लावून म्हणाल्या, "आठे मन्ही नात शे, मास्तर. तिले आजून माय म्हणता येत नही, ती काय उत्तर सांगी?"

सगळ्या वर्गात हशा पिकला. शांतीलाल मास्तरांनी बाहेर वाकून चिंधीकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसत पुढे गेले. दोरी राहिली.

तोवर सावली दाट होती. दोन पेपरांच्या मध्ये चिंधी पिऊन निजली होती. ती झोपेतही स्वस्थ नसे. मध्येच ओठ चोखायची, मध्येच दचकायची, कधी खुदकन हसायची. तिचं ते हलणं दोरीतून थेट आईच्या अंगठ्यापर्यंत जाई.

मग ऊन चढलं, आणि सावली माझ्यावरून सरकू लागली.

आधी माझं एक टोक तापलं. मग चिंधीचे पाय उन्हात आले. छबूबाई उठल्या. त्यांनी माझी गाठ सोडायला हात वर केला आणि तो तसाच थांबवला. लेकरू झोपलं होतं. जागा बदलायची नव्हती. दगडू त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा. त्यांनी मला सोडलं नाही. आपला पदर चिंधीवर धरला आणि स्वतः उन्हात उभ्या राहिल्या. पण खानदेशातलं चैत्राचं ऊन पदरानं थांबत नाही, मित्रांनो.

चिंधी तापली. माझ्या पदरापदरातून मला ते कळत होतं. तिचा घाम आटला. ओठ हलेनासे झाले. दचकणं थांबलं.

"जपी गई व माय," छबूबाई सुटकेनं पुटपुटल्या. "कशी गाढ जपी गई."

ती झोप नव्हती! कितीतरी झोपा मी अंगावर पेलल्या आहेत, मला झोप ओळखता येते. झोपलेलं लेकरू झोळीत सैल असतं, पण जिवंत असतं. हे ओझं होतं नुसतं. मी ओरडू शकत नव्हते. वारा असता तर फांदी तरी हलली असती. वाराही नव्हता. मी तशीच टांगून राहिले, आणि ऊन माझ्या मध्यावर आलं.

आत काय चाललं होतं ते धनुबाईनं नंतर चुडामण मास्तराला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. उतारा झोपेवरचाच आला होता, पण निराळा. शेवटचा प्रश्न होता, 'झोपेत मेंदूचे काम थांबते काय? उताऱ्यातील आधार देऊन लिहा.' तिनं बोट फिरवत ओळ शोधली. ती सापडली. 'झोपलेल्या मुलाचे ओठ हलतात, पापण्यांखाली बुबुळे फिरतात, हातपाय मध्येच दचकतात. मेंदू काम करीत असल्याच्या या खुणा होत.' तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. दौतीत टाक बुडवला. आणि तिचा अंगठा तिला काहीतरी सांगू लागला.

दोरी हलत नव्हती.

तिनं पाय हलवला. मी एक झोका गेले, परत आले. चिंधीकडून काही आलं नाही. धनुबाईनं पुन्हा ती ओळ वाचली, मग खिडकीकडे पाहिलं. बाहेर सासू उन्हात उभी, आणि सासूच्या पलीकडे जमिनीवर पडलेली निंबाची सावली. माझ्यापासून हातभर दूर.

ती ताडकन उठली. टाक खाली पडला.

"बाई, बाहेर गेलात तर पेपर जमा होईल," शांतीलाल मास्तर म्हणाले. "पुन्हा आत येता येणार नाही."

"घ्या जमा," ती म्हणाली. तिच्या अंगठ्याला दोरी तशीच होती. ती पळाली तेव्हा दोरी तुटली.

"उठाडू नको!" छबूबाई आडव्या झाल्या. "जीव वाट चुकी जाई, धनु!"

"आत्याबाई, ती जपेल नही शे!"

तिनं चिंधीला उचललं. मान कलंडली. मागून शांतीलाल मास्तरच धावत आले, त्यांनी फांदीवरून मला ओढून काढलं आणि आवारातल्या विहिरीवर नेऊन भिजवलं. ओल्या मला चिंधीभोवती गुंडाळलं आणि सगळे दवाखान्याकडे धावले. मी वाळले की पुन्हा भिजवायचे, पुन्हा गुंडाळायचे. डॉक्टर म्हणाले, "झोप कसली बाई, ही ग्लानी आहे. आणखी उशीर झाला असता, तर हाती लागली नसती." तिसऱ्या प्रहरी चिंधीनं एक बारीक कुरकुर केली. मग भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेलं नाही.

धनुबाई नापास झाली, मराठीत. मुलींच्या शाळेवर दुसरीकडून बाई आली.

निकाल कळला त्या दिवशी छबूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "धनु, काय लिखेल व्हतं त्या उतारामा? माले सांग."

धनुबाईनं सांगितलं. ओठ, पापण्या, दचकणं, सगळं. झोपलेल्याचं कुठेच काही जात नाही, तो आतच असतो, हेही सांगितलं. छबूबाईंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग मन्हा दगडू... मी उचलं म्हणीसन नही गया?"

"नही, आत्याबाई. तो तापानं गया."

छबूबाईंनी तोंड माझ्यात लपवलं. मी भिजले. त्या घरात आजवर मी पुष्कळ भिजले होते, पण ते भिजणं वेगळं होतं.

दिवाळीनंतर आम्ही गुजरातेत गेलोच. धनुबाई कापूस वेची, भटू एका हातानं गाठोडी ओढी. मला शेताच्या बांधावर बाभळीला टांगलं होतं. छबूबाई दिवसभर माझ्यापाशी. सावली सरकली की त्या मला सोडायच्या, झोपलेल्या चिंधीसकट उचलायच्या आणि पलीकडच्या फांदीला बांधायच्या. ती चुळबुळली की म्हणायच्या, "जप व माय, जप. मी तुले सावलीमा लई जाई ऱ्हायनू."

चिंधी मोठी झाली. मी फाटले आणि एका गोधडीच्या पोटात शिवली गेले. तिथे अंधार आहे, पण ऊब आहे. माझी तक्रार नाही. फाटकं कापड कुणी जपावं असा माझा हट्टही नाही.

मागणं एकच आहे. घरात लेकरू गप्प पडलं, की 'बरं झालं, झोपलं' म्हणून पाठ फिरवू नका. जवळ जा. ओठ हलतात का ते बघा, पापणीखाली डोळा फिरतो का ते बघा, कपाळाला हात लावा. झोप मोडली तर लेकरू थोडं रडेल. रडू द्या त्याला.