ताटातलं नाव

आईच्या आत्याची नोंद शाळेच्या रजिस्टरमध्ये सापडली, त्या दिवशी आमच्या घराची गॅलरी गेली. मी आईच्या माहेराहून, पाडळीहून, सांगलीला परत आले, हॉलचं मागचं दार उघडलं, तर पुढे सरळ भिंत. वाळत घातलेले कपडे, तुळशीची कुंडी, केरसुणी, सगळं गॅलरीबरोबर गेलं होतं.

"गॅलरी कुठे गेली?" मी आईला विचारलं.

"मला काय माहीत. वेणूआत्याचं काय मिळालं ते सांग."

मी वाचून दाखवलं. वेणू गोविंद साबणे, चौथी पास, वर्तणूक बरी, शाळा सोडण्याचं कारण घरकाम.

"बरी काय, बरी?" आई चिडली. "लाखात एक होती."

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. डोळे मिटायच्या आत तिला एकच गोष्ट हवी आहे: वेणूआत्याचं सासरचं नाव. लग्नात नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहिलं. अजून कोणी वाचलंही नव्हतं, तेवढ्यात सहा वर्षांच्या आईने ताट विस्कटलं. पुन्हा लिहा, असं सगळे म्हणाले. आत्याच्या सासूबाई म्हणाल्या, आमच्यात नाव दोनदा लिहीत नाहीत. माहेरचं नाव तर पुसलंच होतं. आत्या तशीच, बिननावाची, सासरी गेली आणि परत आली नाही.

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. निवृत्त झाल्यावर म्हटलं, चला, हुडकू. रिकामपणाचा उद्योग, एवढंच मला वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात पाडळीला मामेभावाच्या ट्रंकेत आत्याच्या लग्नाची पत्रिका मिळाली. नवऱ्याचं गाव कापशी. परत आले तर हॉल गेला होता, टीव्ही आणि बाबांच्या फोटोसकट. आता जिन्यातून थेट स्वयंपाकघरात शिरायचं. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन बघून गेले. म्हणाले, "वहिनी, लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून काही होत नाही."

मी अर्ज दिला.

मग तहसील कचेरीत कापशीचं जुनं रेशनकार्डांचं रजिस्टर बघितलं. आत्याच्या सासरच्या कुटुंबात माणसं सहा. पाच नावं ओळीने लिहिलेली, शाई काळी, अक्षर वळणदार. सहाव्या ओळीत लिहिलं होतं, 'बाई एक'. मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मला रडू आलं, आणि तिथल्या कारकुनाने पंखा वाढवला.

घरी आले तेव्हा स्वयंपाकघर नव्हतं. उरली होती आईची खोली. जिन्यातून उंबरा ओलांडला की लगेच तिची कॉट. मी कॉटखाली स्टोव्ह ठेवला आणि चहा केला.

"आता पुरे," मी म्हटलं.

"नाव कुठे मिळालंय?"

"आई, ही एकच खोली राहिली आहे. खोली जाते तेव्हा आतलं सगळं घेऊन जाते."

"कळतंय मला," आई म्हणाली. "आलं कमी पडलंय चहात."

म्हणून मी कापशीला गेले. घर साधंच होतं, पत्र्याचं. आत्याच्या नवऱ्याचा पुतण्या दिनकरराव भेटला, सत्तरीचा, डोक्याला मफलर. मी कोण ते सांगितल्यावर तो मला परसात घेऊन गेला. तिथे आमची गॅलरी, हॉल आणि स्वयंपाकघर एकाला एक लागून उभे होते. गॅलरीत माझे कपडे अजून वाळत होते.

"चुलतीला घरात जागाच नव्हती," तो म्हणाला. "पडवीत पोत्यांच्या मागं निजायची. आता ऐसपैस झालं बघा."

"ती कुठे आहे?"

"वारली की. चाळीस वर्षं झाली. पर जागा लागतीच माणसाला."

"तुम्ही तिला काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? थोरली माणसं 'अगं ए' म्हणायची. आम्ही पोरं काहीच म्हणत नव्हतो." त्याने मफलर सारखा केला. "आता निजायची खोली तेवढी यायची राहिलीय."

माझ्या ओट्यावर, गॅसशेजारी, पितळी ताट होतं. तांदूळ जसे विस्कटले तसेच होते, हळद लागलेले. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "न्या की. तुमच्याच माणसाचं हाय."

ताट मांडीवर धरून मी एसटीने परत आले. वाटेत एक दाणा सांडला नाही.

आईने ताट कॉटवर घेतलं, चष्मा लावला आणि दाणे परत जागच्या जागी सरकवायला लागली. तिला प्रत्येक दाणा आठवत होता. दोन दिवसांत पहिलं अक्षर उठून आलं. तिसऱ्या दिवशी दुसरं. खिडकीबाहेरचा लिंब त्या दिवशी थोडा लांब गेला. मी सगळं बघत होते. दुपारी आईचा डोळा लागला तेव्हा ताटाच्या उजव्या कडेचे तांदूळ मी मूठभर उचलले आणि उंबऱ्याबाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. मला आई हवी होती. आत्याला मी पाहिलंही नव्हतं.

आई उठली. उरलेले दाणे तिने लावून टाकले. शेवटच्या अक्षराच्या जागी नुसतं पितळ चमकत होतं.

"उषा, तांदूळ कमी आहेत."

"असतील तिथेच. नीट बघ."

तिने ताट बघितलं नाही. माझ्या हाताकडे बघितलं.

"मी विस्कटलं नव्हतं गं ताट," ती म्हणाली. "मूठ भरून पळाले होते. न्हाणीघरात दडून बसले. आत्याच्या गोधडीतच निजायचे ना मी. वाटलं, नाव पुरं झालं नाही तर ती जाणार नाही."

"मग?"

"मग मामाने बोटं उलगडली. तांदूळ परत ताटात टाकले. नाव गेलंच होतं, आणि तीही गेलीच."

आई काठीशिवाय उठली आणि दारापर्यंत आली. तिचे पाय उंबऱ्याच्या आत होते, माझे बाहेर. तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि करंगळीपासून बोटं उलगडायला लागली. ती मधल्या बोटापर्यंत आली, तेव्हा तिच्या मागच्या खिडकीत लिंब नव्हता. एका गॅलरीत माझे कपडे वाळत होते, आणि कोणीतरी ते काढून नीट घड्या घालत होतं.