बेचाळीस टाळ्या

वर्षाराणीनं आईला फोनवर सांगितलं होतं, "गॅदरिंगला माझा व्हिडिओ लागणार हाय." तो आपण फक्त जोडलाय, आपण त्यात दिसत नाही, एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं. झालं! आईनं, म्हणजे केवळाबाईंनी, गल्लीभर डांगोरा पिटला आणि दोन शेजारणींना घेऊन, मुखेडहून एसटीनं थेट अहमदपूरचं कॉलेज गाठलं.

इकडे कॉम्प्युटर लॅबमध्ये वर्षाराणीला घाम फुटला होता. व्हिडिओत गाणारी उर्वी होती, आठवडी बाजार होता, शेळ्यासुद्धा होत्या. नव्हती ती फक्त वर्षाराणी. चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज मोबाईलवर घेतलेला. दोन्ही नीट जुळावेत म्हणून प्रत्येक शॉटआधी तिनंच कॅमेऱ्यापुढं एक टाळी वाजवली होती. अशा बेचाळीस टाळ्या. जुळलं की टाळी कापून टाकायची, ही रीतच.

तिनं गुपचूप पहिली टाळी परत लावून पाहिली. शांततेतून हळूच उमलणारा उर्वीचा सूर दचकून उठल्यासारखा वाटला. जीव तुटत होता, तरी तिनं टाळी कापली.

"त्ये हात तुझेच न्हवं?" मागून आवाज आला. केवळाबाई तिला शोधत आत आल्या होत्या. "मनगटावर भाजल्याचा डाग हाय की. कापलंस कामून?"

वर्षाराणीला रडूच फुटलं. तिनं टाळीचं सगळं सांगितलं. "तू बायांना घेऊन आलीस, आन् मी दिसतच न्हाई गं त्यात."

केवळाबाईंचं अर्धं आयुष्य वाकळा शिवण्यात गेलेलं. त्यांनी विचारलं, "टाळीबिगर जुळलं असतं का?"

"न्हाई."

"मग रडून कामून राहिलीस? कच्चा टाका हाय ह्यो. वाकळ शिवून झाली की ओढून काढावाच लागतोय." एवढं बोलून त्या हॉलमध्ये शेजारणींपाशी जाऊन बसल्या.

चार वाजता हॉलमधले दिवे मालवले. वर्षाराणी बायकांच्या रांगेमागं लॅपटॉपपाशी उभी होती. पडदा अजून काळाच होता. तेवढ्यात पुढून केवळाबाईंनी एकच टाळी वाजवली, खणखणीत. माणसं वळून बघू लागली. सगळे गप्प झाले आणि मग उर्वीचा सूर आला.

शेजारीण केवळाबाईंच्या कानाशी लागली, "अवं, लेक कुठं हाय?"

"तिनंच सुरू करून दिलं की," केवळाबाई म्हणाल्या. "आता गुमान बघा."