नूतनीकरणासाठी बंद

मोटरसायकलचं दुकान कायमचं बंद करायचं ठरलं, तेव्हा शटरवरची पाटी भाऊंनी स्वतः रंगवली. 'दुकान बंद झाले आहे' एवढंच लिहायचं होतं. पण 'दुकान' लिहून झालं आणि ब्रश अडला. वडिलांनी उभा केलेला धंदा आपल्या हातून बुडाला, हे आपल्याच अक्षरात चारचौघांत टांगायचं? त्यांनी पुढे लिहून टाकलं, 'नूतनीकरणासाठी बंद आहे.'

मिस्त्री वडिलांच्या वेळचा. त्याने पाटी वाचली आणि कपाळाला हात लावला. "नूतनीकरण कसलं, भाऊ? आत उरलंय काय? तेलाचे डाग आणि आपण दोघं."

"लोक विचारून हैराण करतात रे. चार दिवसांनी विसरतील."

"झाकली मूठ किती दिवस झाकणार?"

लोक विसरले नाहीतच, उलट खूश झाले. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून ओरडला, "काय भाऊ, दुकान काचेचं, चकचकीत करताय म्हणे! मग आम्हाला ओळख द्याल ना?" भाऊ हसले. त्या दिवसापासून ते मागच्या दाराने ये-जा करू लागले.

दोनेक महिन्यांनी त्या मागच्या दाराशीच त्यांना शिंपीमास्तरांनी गाठलं. बरोबर नात होती, इस्पितळात नव्यानेच नर्स म्हणून लागलेली. तिच्या पायाला पट्टी होती.

"पुढून हाका मारून घसा बसला," मास्तर म्हणाले. "कधी उघडताय? हिला गाडी घ्यायचीय."

"पायाला काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"रात्री कामाची पाळी सुटली की बस नसते," नात म्हणाली. "चालत येते. परवा कुत्री मागे लागली, पळताना गटारात पडले. मी म्हणतेय कधीची, पुलापलीकडच्या दुकानातून घेऊ. पण आजोबा ऐकतील तर शपथ!"

"कशाला ऐकू? माझी गाडी इथली, हिच्या बापाची इथली." मास्तर भाऊंकडे वळले. "तुमच्या वडिलांनी पहिल्या दिवशी कधी कुणाला गाडी दिली नाही. म्हणायचे, घरी जा, निजा, उद्या मन तेच म्हणालं तर या. मी हिला तेच सांगितलं. भाऊंच्या दुकानासाठी थांबलेलं वाया जात नाही."

आत पाने-पकडी गोळा करणाऱ्या मिस्त्रीचा खणखणाट थांबला. भाऊंना ती जखम आपल्याच हातून झाल्यासारखी वाटली. सामान यायचंय, रंगारी फिरकला नाही, अशा थापा ओठांवर तयार होत्या.

"मास्तर, दुकान उघडणार नाही," ते म्हणाले. "पाटी खोटी आहे. धंदा बुडाला. सांगायची लाज वाटली."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"माझ्यापाशी लाज? तुमच्या लग्नाचा कोट मी शिवला, भाऊ. पोट कुठे सुटलंय ते माहीत आहे मला." मग आवाज खाली आला. "पोर अंधारातून चालत होती हो."

भाऊंनी चपला पायात सरकवल्या. ते म्हणाले, "चला. मी येतो बरोबर."

पुलापलीकडचं दुकान काचेचं होतं. इतकी वर्षं भाऊ या रस्त्याने जायचं टाळत आले होते. वाटभर मास्तर नातीचा हात धरून पुढे चालले, त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

इस्त्रीच्या कपड्यातला विक्रेता लगबगीने आला. आजोबा-नातीला त्याने खुर्च्या दिल्या आणि मागे उभ्या राहिलेल्या भाऊंकडे पाहून हसत विचारलं, "आणि आपण यांचे कोण?"

भाऊंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर समोरची लाल गाडी बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"आमचे दुकानदार होते," ते म्हणाले.

भाऊ खाली मान घालून पुढे झाले. त्यांनी लाल गाडीच्या सीटवर तळहात ठेवून उंची पाहिली. "ही नको," ते नातीला म्हणाले. "तुझा दुखरा पाय जमिनीला टेकणार नाही. ती शेजारची दाखवायला सांग."