कपाळाच्या वरची रेघ

विमान उतरल्याचा निरोप आला तेव्हा संगणकाच्या पडद्यावर बाबांचा चेहरा होता, आणि तो बाबांचा नव्हता.

छपाईच्या त्या दुकानात उकाडा दाटला होता. माझ्या कमरेला, आमच्या बेटावरच्या रीतीप्रमाणे, सुतकात गुंडाळायची जुनी, फाटकी चटई. तिच्या काड्या खुर्चीच्या कडेवर मोडत होत्या. शेजारी धाकटी लोसा, समोर दुकानाचा मालक पेनी. अंत्यविधीसाठी बाबांचा फोटो कापडावर छापून चर्चच्या दारावर लावायचा होता. तिथली लाकडी चौकट आडवी, उंचीच्या दुप्पट रुंद. बाबांचा हाती लागलेला एकमेव धड फोटो उभा: धक्क्यावर, कमरेपर्यंत, केस वाऱ्याने उभे राहिलेले.

समुद्राने बाबांना उशिरा परत केले. पेटी उघडायची नाही, असे डॉक्टरांनीच सांगितले होते. म्हणजे ऑकलंडहून येणाऱ्या आत्याला, बाबांच्या थोरल्या बहिणीला, भाऊ दिसणार तो एवढाच, या कापडावर. कित्येक वर्षांनी, आणि शेवटचा. अंत्यविधीत तिच्या शब्दापुढे कुणाचाच शब्द नसतो. तिने कापड उतरवा म्हटले, तर उतरवावे लागेल.

"सोपं आहे गं," पेनी सकाळीच म्हणाला होता. "वरून थोडं काप, खालून थोडं काप. बसला फोटो."

वरून म्हणजे डोक्यावरून. बापाच्या डोक्याला लेकरांनी शिवायचे नाही, ही आमच्याकडची रीत. आयुष्यभर ज्या मस्तकाला आम्ही हात लावला नाही, ज्याच्यामागून काही उचलायचे तरी आधी वाकत होतो, त्याच्यावर मी रेघ ओढायची? नुसते खालून कापावे तर हनुवटी जात होती. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून पाहिले. बाबा पेटीत उभे केल्यासारखे दिसले. लोसा रडू लागली.

मग मी, काहीही न कापता, फोटोची एक बाजू धरून चौकटीच्या टोकापर्यंत ओढली. गाल पसरले. डोळे एकमेकांपासून दूर गेले, जणू मधून ओहोटी वाहत होती.

"हे बाबा नाहीत ताई," लोसा म्हणाली. "हा तो पाववाला आहे, कोपऱ्यावरचा."

"पाववाला नाही, त्याचं पीठ," पेनी पुटपुटला आणि जीभ चावली. "माफ करा हं."

"छाप," मी म्हणाले. पूर्ण आहेत ना, एवढेच मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. पूर्ण आहेत.

कापड यंत्रातून बाहेर पडले तेव्हाच दारात गाडी थांबली. आत्या घरी न जाता थेट इकडेच आली होती. काळा पोशाख, कमरेला तिच्या मानाची बारीक विणीची मऊ चटई. तिने आमच्याकडे पाहिले नाही. कापडाकडे पाहिले. बराच वेळ.

"हा कोण?"

ज्या प्रश्नाला मी घाबरले होते, तो इतक्या हळू विचारला जाईल असे वाटले नव्हते.

"आत्या, केसांवरून कापावं लागत होतं," मी खाली बघत म्हणाले. "माझा हातच होईना."

आत्या पुढे आली, चटई सावरली.

"तुझा हात नाहीच व्हायचा. तू लेक आहेस त्याची." मग पेनीकडे वळून, "सरक रे, मला बसू दे. याचे केस लहानपणी अंगणात मीच कापायचे. एकदा कानही कापला होता, बोंबलत पळाला थेट किनाऱ्यापर्यंत. सांग, कुठं धरायचं?"

"मावशी, आधी कापायचं, मग वाढवायचं. वाढवताना बाजू नका ओढू, कोपरा धरा," पेनी घाईने म्हणाला. "आणि ही कळ दाबून ठेवायची, म्हणजे उंची-रुंदी एकमेकींना सोडत नाहीत."

"लोसा, दाब गं ती. सोडलीस तर या कापडासारखा तुझ्या बापाचा पुन्हा पाव होईल."

लोसाने दोन्ही अंगठ्यांनी कळ दाबली. आधी कपाळाच्या किंचित वर आत्याने रेघ आणली. रेघ घसरली, भुवयांवर उतरली, पुन्हा वर गेली. थांबली. वाऱ्याने उभे राहिलेले केस गेले. खालूनही कापले, पण हनुवटी राहिली. मग कोपरा धरून तिने उरलेला चेहरा वाढवला. तो मोठा झाला, पण पसरला नाही. जवळून जरा भुरकट दिसत होता.

"लांबून चांगला दिसेल," पेनी म्हणाला.

"माझे केस उद्या कापशील ना, आत्या?" मी विचारले. सुतकात आमच्या वेण्या तिनेच कापायच्या असतात. तरी विचारावेसे वाटले.

"तुझेही कापीन. आता गप्प बस."

यंत्र पुन्हा सुरू झाले. कापड हळूहळू, एकेका पट्टीने सरकत होते. आधी कपाळ आले. मग भुवया. आत्याने माझे मनगट घट्ट धरले होते आणि तिची नखे रुतत होती. पुढची पट्टी डोळ्यांची होती.

डोळे आले. समुद्राकडे बघताना ते जसे बारीक व्हायचे, तसेच.

आत्याचा हात सैल पडला. "हां," ती म्हणाली, बाबांशीच. "आलास."